सुई, दोन खाली

गोमती नगरातल्या आमच्या गल्लीच्या सर्व रहिवाशांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की यापुढे रविवारी सकाळी कपडे वाळत घालण्यास कोणतीही हरकत नाही. चादरी, अभ्रे, पांढरे कुर्ते, सर्वांनी निर्धास्तपणे बाहेर यावे. निळा धूर येणार नाही. धूर काढणारे गृहस्थ, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे श्रीधर भाऊजी, सात आठवड्यांपूर्वी दुपारचं जेवण करून अंगणातल्या उन्हात आरामखुर्चीवर टेकले आणि तिथूनच गेले.

ही घोषणा मी अमौसीच्या विमानतळावर उभ्या उभ्या मनात रचली. भाऊजींना ती आवडली असती, म्हणून इथे छापायची लाज वाटत नाही. माझी सगळी नोकरी त्या विमानतळावर गेली आणि त्यातली बरीच वर्षं घोषणा करण्यात. आधी हिंदी, मग इंग्रजी, आणि शेवटी पोटातून काढलेलं एक भारदस्त ‘धन्यवाद’. आता विमानतळ मुका केलाय. लोक पडद्यावर वाचतात आणि माझा आवाज घरच्यांच्या वाट्याला येतो. त्या दुपारी मी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो. ताईचा फोन आला. म्हणाली, “तू ये. धावत येऊ नकोस, धावण्यासारखं काही राहिलं नाही.” फोन ठेवल्यावर मी किती वेळ तिथे होतो कोण जाणे. प्रवासी निघून गेले होते, पट्ट्यावर एकच तपकिरी पेटी उरली होती आणि ती फिरत होती... समोरून जायची, रबरी पडद्याआड नाहीशी व्हायची, पुन्हा यायची. मग कोणीतरी मला दंडाला धरून टॅक्सीत बसवलं.

त्याच्या आदल्याच रविवारी आम्ही भेटलो होतो, तेही आमच्या ठरलेल्या कामाला. लखनौचं ते जानेवारीतलं धुकं, ज्यात समोरच्या घराचं फाटक आहे की नाही हे आठवणीवर विश्वास ठेवूनच मानायचं. मागच्या अंगणात भाऊजी वेताच्या स्टुलावर शाल पांघरून बसले होते. डॉक्टरांनी त्या हिवाळ्यापासून त्यांना गाडीला किक मारायची मनाई केली होती, त्यामुळे किक मी मारायची आणि ऐकायचं त्यांनी. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत. हात वर गेला की मी अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, खाली आला की सोडायचा. एखाद्या मैफलीत बसावं तसा चेहरा, आणि मैफल कसली तर शंभर सीसीच्या म्हाताऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाची. “अजून... अजून थोडं... थांब. आलं बघ. मधेच दाट होतंय.” मग मी इंजिनाचा स्पार्क प्लग काढून त्यांच्या रुमालावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, चष्म्यावरून पाहिला, चष्म्याखालून पाहिला. “काळा. मधेच दाट होतं, साले साहेब. कुठून येतं हे दाट, ते काही कळत नाही.” एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मी हात धुवायला आत गेलो आणि नंतर ड्युटीवर.

‘दाट’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण या लेखात आमटीचा संबंध नाही. कार्बोरेटर हे इंजिनाचं स्वयंपाकघर. तिथे हवा आणि पेट्रोल मिसळतं. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण दाट. इंजिन गुदमरतं, धूर ओकतं, प्लग काजळतो. हवा जास्त झाली की पातळ. गाडी आधी अगदी चपळ पळते आणि मग तापून जागच्या जागी जाम होते. दोन्हींच्या मधे कुठेतरी एक जागा असते. ती सापडली की प्लगच्या टोकाला खरपूस भाजलेल्या बिस्किटाचा रंग येतो. भाऊजी त्या बिस्किटाच्या शोधात होते. नाश्त्याच्या टेबलावर ते प्लग आणि टोस्ट शेजारी शेजारी ठेवून तुलना करायचे आणि ताई प्लग बशीतून उचलून खिडकीत ठेवायची.

मी चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी लखनौला आलो तेव्हा ते मला घ्यायला चारबाग स्टेशनवर आले होते. सडपातळ, विरळ केसांचे, एका संशोधन संस्थेत भाताच्या मुळांवरच्या बुरशीचा अभ्यास करणारे गृहस्थ. गर्दीत उभे राहून त्यांनी नाकाने लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “आज हवा जड आहे.” मला वाटलं, शहरात दंगल झालीय. त्यांना इतकंच म्हणायचं होतं की गारठ्यात हवा दाटून येते आणि इंजिनाला पेट्रोल जरा जास्त लागतं. पुढे मला सवय झाली. आपण ऋतू आंब्यांवरून ओळखतो, ते गाडीच्या पेट्रोलच्या भुकेवरून ओळखायचे. मे महिन्यात लू वाहायला लागली की म्हणायचे, हवा विरली. तेव्हा त्यांच्याकडे साधी स्कूटर होती. तरीही बाहेर निघताना ते अंगणात थांबून हवा चाखायचेच. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी घरमालकाशी माझी ओळख करून दिली, “ये मेरे साले साहब हैं.” मी लाजेने अर्धा झालो. आपल्याकडे मेहुणा म्हटलं की चेष्टा, इथे साला म्हटलं की शिवी, आणि त्याच्या शेपटाला ‘साहब’ लावून ती शिवी मानाने घरात बोलावायची, हे लखनौच करू जाणे. तेव्हापासून मी शहरभर साले साहब आहे.

भाऊजी साताऱ्याकडचे, घाटाखालच्या गावचे. लहानपणी डोकं वर केलं की डोंगर, खिडकी उघडली की डोंगर. आणि नशिबी आलं लखनौ. इथली जमीन इतकी सपाट की सांडलेल्या पाण्याला कुठे जावं ते ठरवता येत नाही. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, फक्त उड्डाणपुलावर रिक्षा चढायला लागली की ते बोलणं थांबवून पुढे झुकायचे, आणि पूल उतरला की पुन्हा मागे टेकायचे. निवृत्तीला एखाद वर्ष उरलं होतं तेव्हा मातीचे नमुने आणायला ते शहराबाहेर गोमतीकाठी गेले आणि तिथे त्यांना बंधा दिसला. नदीचं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध, त्याला इथे बंधा म्हणतात. शहराच्या बाजूने त्यावर पक्का रस्ता चढतो. नदीच्या बाजूने मात्र कच्ची, गवत-मातीची उभी उतरण. भाऊजी त्या उतरणीच्या पायथ्याशी मान मागे टाकून उभे राहिले, असं संस्थेचा ड्रायव्हर सांगायचा, आणि नमुने न घेताच परत आले. जेवताना म्हणाले, “चढ आहे.” ताईने विचारलं, “कुणाला?” तिला वाटलं ताप.

मग गाडी आली. चारबागच्या मागे एका गल्लीत रईसभाईंचं गॅरेज आहे. स्टेशनवरच्या घोषणा तिथे आयत्याच ऐकू येतात, म्हणून मला ती जागा फार आवडते. रईसभाई म्हणजे काडीसारखी अंगकाठी, मेंदी लावलेली दाढी, आणि स्पॅनरसुद्धा “ज़रा तशरीफ़ लाइए” म्हटल्यासारखा उचलणार. त्यांच्याकडून भाऊजींनी एक भंगारात निघालेली शंभर सीसी टू-स्ट्रोक घेतली आणि दोघांनी मिळून तिची डर्ट बाईक केली. मडगार्ड काढून उंच लावले, खाचखळग्यांचे टायर घातले, मागचं साखळीचं दातेरी चक्र मोठं केलं, शॉक अब्सॉर्बर लांब. सायलेन्सर काढून तिथे पोट फुगलेली एक नळी बसवली, तिला ताई ‘गरोदर’ म्हणायची. एवढं केलं की इंजिनाचा श्वासच बदलतो, जुना कार्बोरेटर पुरत नाही. मोठा कार्बोरेटर पाठवला भाऊजींच्या कोल्हापूरच्या मित्राने, बापूने. हा बापू तरुणपणी चिखलातल्या शर्यती मारायचा. त्याने कार्बोरेटर एका लोकरी कानटोपीत गुंडाळून धाडला, सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी. शेवटची ओळ अशी होती: ‘सुई दोन खाली. मग तिला हात लावू नको.’

ही सुई म्हणजे बोटभर लांब पितळी सळई, कार्बोरेटरच्या मधोमध लटकलेली. तिच्या डोक्याजवळ पाच खाचा असतात आणि एका खाचेत नखाएवढी क्लिप. क्लिप वरच्या खाचेत असेल तर सुई खोल बसते, पेट्रोल कमी येतं. क्लिप जितकी खालच्या खाचेत, तितकी सुई वर उचललेली आणि पेट्रोल जास्त. बापूचं म्हणणं, वरून खाली मोजत दुसरी खाच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाऊजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हिरवी पट्टी बांधून पलंगावर पडलेले. वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. “रईसला वाचून दाखव. नीट, शब्दन् शब्द.” मी गेलो. गॅरेजमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली, आयते श्रोते. मी कार्बोरेटर कानटोपीतून काढून हातात उंच धरला, घसा साफ केला आणि विमानतळाच्या आवाजात जाहीर केलं, “कृपया ध्यान दें. सुई, दो खाली. इसके बाद उसे कोई हाथ न लगाए. धन्यवाद.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. रईसभाईंनी छातीला हात लावून मान झुकवली आणि कामाला लागले.

पुढची नऊ वर्षं रविवार म्हणजे बंधा. सकाळचं ऊन नीट लागायच्या आत भाऊजी गाडीवर, मी मागून स्कूटरवर. निघताना ताई दारात येऊन “जपून” म्हणायची आणि आत जायची. ती एकदाही बघायला आली नाही. “मला नाही बघायचं ते,” इतकंच. बंध्यावर पोचलं की भाऊजी पायथ्यापासून पन्नासेक पावलं मागे जायचे, हेल्मेटची काच खाली घ्यायचे आणि निघायचे. पहिला एक तृतीयांश चढ गाडी अशी चढायची की बघणाऱ्याच्या पायाला गुदगुल्या व्हाव्यात. मग मधोमध, ज्या जागी आता जोर हवा, तिथेच तिच्या घशात काहीतरी अडकायचं. आवाज जाड व्हायचा, ब्व ब्व ब्व करत ती निळा धूर सोडायची आणि थांबायची. भाऊजी दोन्ही पाय टेकून, ब्रेक सोडत धरत, अतिशय सभ्यपणे उलटे खाली यायचे. खाली म्हशी चारणारी एक बाई असायची. ती पहिली दोन वर्षं नुसती बघत राहिली. मग एकदा म्हणाली, “डॉक्टर साहब, भैंस पे बैठ जाइए, ऊपर छोड़ आएगी.” भाऊजींनी हेल्मेट काढून तिला विचारलं, “कौन-सी वाली?” त्यानंतर ती दर रविवारी एक म्हैस सुचवायची.

चढ जिंकायचाच, हे वेड त्यांचं होतं, पण त्यात त्रागा नव्हता. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” हा त्यांचा संस्थेतला नियम. या रविवारी मोठं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळी तोटी, बदललं तर बाकी काही नाही. पुढच्या रविवारी हवेचा स्क्रू पाव फेरा, बाकी काही नाही. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात: धुकं, हवा जड, जेट अमुक, प्लग काळा, सात हात कमी पडले. या चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात सापडायच्या, पंचांगात सापडायच्या. मी घरी येऊन ताईला चढाचं वर्णन करायचो, टेबलावर चमचे उभे करून. माझ्या वर्णनात तो बंधा दर आठवड्याला थोडा वाढायचा, हे मी आज कबूल करतो. “भिंत आहे ताई, सरळ भिंत. वर पाहिलं तर टोपी पडते.” भाऊजी टोस्ट खात हसायचे आणि मला दुरुस्त करायचे नाहीत. त्यांच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. ती सुट्टीला आली की विचारायची, “पापा, आज फिर हार के आए?” “हरलो नाही,” ते म्हणायचे, “मधेच दाट झालं.”

आता कोणी म्हणेल, मधल्या टप्प्यावर दाट होतंय म्हणजे सुईचंच काम, एवढं त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. मीच एकदा म्हटलं होतं, सुई बघू या का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देव्हाऱ्यातला देव उचलून त्याखाली काय आहे बघू म्हणालो. “सुई बापूने लावलीय.” बापू तोवर गेला होता, कार्बोरेटर धाडल्यावर दुसऱ्याच वर्षी. ही चिठ्ठी त्याचं शेवटचं पत्र. बुरशीच्या प्रत्येक तंतूचा पुरावा मागणारा हा माणूस, पण बापूच्या त्या एका ओळीचा पुरावा त्यांनी कधी मागितला नाही. ते खालून जेट बदलत राहिले, वरचं झाकण कधी उघडलं नाही. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची. रविवारची सकाळ, नदीवरून वर येणारं धुकं, त्यात मिसळणारा निळा धूर, त्या धुरातून हळूहळू उलटे उतरणारे भाऊजी... असं वाटायचं हे असंच चालणार, आम्ही कधी म्हातारे होणार नाही, बंधा कधी संपणार नाही.

दिवसवार झाल्यावर रईसभाई पांढरा कुर्ता घालून ताईला भेटायला आले. ताई म्हणाली, गाडी तुम्ही घेऊन जा, इथे अंगणात ती माझ्याकडे बघत बसते. ते म्हणाले, “ले जाऊँगा भाभी जी, मगर ऐसे नहीं. डॉक्टर साहब की गाड़ी खाँसती हुई ले जाऊँ, यह मुझसे न होगा. पहले इसका गला साफ़ कर दूँ.” म्हणून गेल्या महिन्यात मी गाडी त्यांच्या गॅरेजला पोचवली आणि तिथेच बसलो. त्यांनी कार्बोरेटर खाली उतरवला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचं वरचं झाकण उघडलं. सुई बाहेर काढून पुसली. मग ती दोन बोटांत धरून माझ्याकडे वळले.

“साले साहब, एक बात पूछूँ? बुरा न मानिएगा. डॉक्टर साहब ये दो ख़ाली क्यों रखवाते थे?”

“बापू साहब ने कहा था. दो खाली.”

“वो तो मैंने रखे ही. ये देखिए, ये दो ख़ाली, और क्लिप तीसरे में. मगर एक ख़ाली से काम चल जाता. दो में तो ये बीच में घुटेगी ही.”

मी सुईकडे पाहिलं. वरच्या दोन खाचा रिकाम्या. तिसरीत क्लिप, नऊ वर्षं एका जागी बसून काळी पडलेली. मागे स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती आणि ती मला अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं, ऐकू येत होती. “रईसभाई,” मी म्हटलं, “हमारे यहाँ खाली माने नीचे. दो खाली माने ऊपर से दूसरा.”

“हमारे यहाँ तो ख़ाली माने ख़ाली, हुज़ूर. जैसे कुर्सी ख़ाली.” ते थांबले. “और आपने तो ऐलान फ़रमाया था. हिंदी में.”

केलाच होता मी ऐलान. टाळ्यासुद्धा घेतल्या होत्या. आणि विशेष म्हणजे हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. खिडकीजवळची आसनं ख़ाली आहेत, हे मी माईकवरून हजारो वेळा सांगितलंय. पण आम्ही इथली मराठी माणसं अशीच बोलतो. वाक्य घरातून निघतं आणि भाजीवाल्यापाशी पोचेपर्यंत कुठल्या भाषेचं झालं ते बघायला कुणी थांबत नाही. बापूचं मराठी ‘खाली’ मी जसंच्या तसं उचललं, त्याच्या आजूबाजूला हिंदी पेरली, आणि लखनौच्या कानावर सोडून दिलं. मी विचारलं, नऊ वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला का नाहीत? रईसभाई खरोखर दुखावले. “इतने पढ़े-लिखे आदमी. हम उनकी सुई में टाँग अड़ाते?” मग माझा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाले, “ज़बान का फेर है साले साहब. इसमें क़ुसूर किसी का नहीं होता.” पण तो होता, आणि माझा होता. मधेच दाट होतं, कुठून येतं कळत नाही, असं तो माणूस डोळे मिटून म्हणत होता आणि ते दाट समोर हात धुवायला उभं होतं.

तीन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. मला गोष्ट मिळाली की ती सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि ही गोष्ट पोटात घेऊन मी तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी ताईकडे गेलो. ती अंगणात मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, “ताई, गाडी चढली नाही ती माझ्यामुळे.” ती म्हणाली, “बस आधी.” मग मी एक शेंग उघडली, आत पाच दाणे होते. हा पहिला, हा दुसरा, बापूची क्लिप इथे हवी होती, माझ्या जिभेने ती इथे, तिसऱ्यावर नेऊन बसवली. सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी साधं सांगत होतो. ताईने शेंग हातात घेऊन पाहिली, तिसरा दाणा उचलला आणि खाऊन टाकला.

“बरं झालं त्यांना कळलं नाही,” ती म्हणाली.

“रागावले असते?”

“ते कसले रागावतात. बापूची चिठ्ठी खरी निघाली म्हणून घरभर नाचले असते. आणि मग तुला वाईट वाटू नये म्हणून क्लिप तिथेच ठेवा म्हणाले असते.” तिने पुढची शेंग घेतली. “आता चढते का?”

“माहीत नाही. रईसभाईंनी दुसऱ्यात बसवलीय. अजून बंध्यावर नेली नाही.”

“मग कधी जायचं?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती मटारकडे बघत होती. “मी येणार आहे,” ती म्हणाली. “नऊ वर्षं त्या भिंतीकडे त्यांना जपून जा म्हणून पाठवलं. दर रविवारी पोहे हलवताना कढईत मला तोच चढ दिसायचा, आणि त्यावरून ते घरंगळत येताना दिसायचे. एकदा बघते तरी काय होतं ते.”

परवाच्या रविवारी गेलो. धुकं संपलं होतं. हवा हलकी, मोहोराच्या वासाची, भाऊजींनी नाक वर करून दोन मिनिटं उभं राहावं अशी. ताईला मी स्कूटरवर मागे बसवून नेलं, ती वाटभर माझा खांदा घट्ट धरून होती. रईसभाई आमच्या आधी पोचले होते. साठीला आलेला तो माणूस, पायजम्याच्या टोकांना दोरी बांधून, पायथ्याशी हेल्मेट हातात घेऊन उभा. म्हशीवाली बाईही होती. तिने ताईला पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हशी जरा बाजूला नेल्या. चढली, तर नऊ वर्षं ती माझ्यामुळे चढली नाही हे सिद्ध होणार होतं. नाही चढली, तर भाऊजींचं सगळंच... मला काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं.

रईसभाईंनी ताईकडे बघून कपाळाला हात लावला आणि पन्नास पावलं मागे गेले, भाऊजी जायचे अगदी तिथे. किक मारली. इंजिन एकदाच खोकलं, मग लागलं. ते आले. पायथ्याशी गाडी थोडी दबली आणि वर निघाली. पहिला हिस्सा झाला. मधला आला... माझे हात आपोआप पुढे झाले, उलट्या येणाऱ्या गाडीला धरायला. आणि आवाज जाड झालाच नाही. तो बारीक झाला, स्वच्छ, ताणलेल्या तारेसारखा, असा आवाज त्या गाडीतून मी कधी ऐकला नव्हता, आणि तो आवाज गवतावरून सरळ वर गेला, काठावर एक क्षण रईसभाईंचा पायजमा आकाशावर फडफडला, आणि ते पलीकडे दिसेनासे झाले. गाडी पलीकडच्या रस्त्यावर दूर जाताना ऐकू येत होती. इकडे उतरणीवर धुराची फिकट रेघ, खालपासून वरपर्यंत, कुठेही न तुटलेली, हळूहळू नदीकडे झुकत होती. मी ताईकडे बघायचं धाडस केलं नाही. ती दोन पावलं पुढे गेली. बंध्याच्या पायथ्याशी उभी राहून तिने वर पाहिलं, मग पुन्हा खाली, मग पुन्हा वर. टोपी पडण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, दोन मजली घराएवढीदेखील उंची नव्हती. माझ्या चमच्यांनी उभी केलेली भिंत तिथे कुठेच नव्हती. आणि मग माझी ताई, जी चारचौघांत कधी आवाज चढवत नाही, ती म्हशीवालीला, मला आणि बंध्यापलीकडच्या रईसभाईंनासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून गेली,

“अगं बाई... एवढासाच होता?”